रविवारी ऐकू

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. नुसतं टेप म्हणालात तरी चालेल, इथे कासू गावात सगळे टेपच म्हणतात. आता माझ्यात काही वाजत नाही. आतला रबरी पट्टा सैल पडलाय, झाकण कधीचं तुटलंय आणि खाडीच्या खाऱ्या हवेनं पोटातले स्क्रू गंजून गेलेत. माळ्यावर पडून असतो. दमलोय, खरं सांगायचं तर. पण एक गोष्ट मनात अडकून राहिली आहे, ती तुम्हाला सांगतो आणि मोकळा होतो.

माझे भाग कुठकुठले, कोण जाणे. मला जोडलं मुंबईच्या एका गाळ्यात, आणि तिथून मी पेणच्या बाजारात एका दुकानाच्या काचेमागे येऊन बसलो. एक्याण्णव साली निलेशचं लग्न ठरलं आणि तो मला घेऊन घरी आला. हळदीच्या रात्री मी इतका वाजलो की सकाळी माझाच घसा बसल्यासारखा झाला. काय माझं कौतुक! नवी नवरी दिपिका रोह्याकडची. तिनं जुन्या साडीचा मला झालरीचा झगा शिवला. सेल संपत आले की निलेशची आई धोंडुबाई ते कौलांवर उन्हात तापवायची आणि पुन्हा माझ्या पोटात घालायची. एवढी सेवा तर घरात कोणा पाहुण्याचीसुद्धा झाली नसेल.

निलेश लहानपणी आईबरोबर मिठागरावर जायचा. मोठा झाल्यावर डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर लागला. कधी पहिली शिफ्ट, कधी दुसरी, कधी रात्रपाळी. घरी यायचा तो भाकरी खाऊन आडवा व्हायचा. उठला की कविता लिहायचा, आणि कविता कशावर? तर बालपणावर. मिठाचे ढीग, खाडीतले खेकडे, जाणाऱ्या गाडीला हात करणं. ‘गेले ते दिवस’ असं म्हणून डोळे पुसायचा. मोठ्या माणसांचं हे मला कधी कळलंच नाही बुवा. लहान असताना मोठं व्हायची घाई, आणि मोठं झाल्यावर रडायचं ते लहानपणासाठी!

मग भाविका झाली. चौऱ्याण्णवच्या सुमारास ती बोलायला लागली. काय बोलायची! ‘क’चा ‘त’ करायची, ‘ग’चा ‘द’ करायची. दिपिका सगळं ऐकायची, धोंडुबाई ऐकायची, पण निलेश एक तर कामावर नाही तर झोपलेला. दिपिकाला फार वाटायचं, बापानं हे ऐकायला हवं.

विकतच्या कॅसेटला मागच्या कडेला दोन बारीक खळगे असतात, आतलं कोणी पुसू नये म्हणून. त्यांत कागदाचे बोळे कोंबले की त्यावर नवा आवाज भरता येतो. दिपिकानं लग्नातली ‘हळदीची गाणी’ घेतली, बोळे कोंबले आणि दुपारी भाविकाला माझ्यासमोर बसवलं.

“बाबा तुते देले?” भाविका आधी स्वतःच विचारायची आणि मग स्वतःच सांगायची, “तंपनीत देले.”

असं करत करत काही महिन्यांत एक बाजू भरली. तिचं हसणं, रुसणं, धोंडुबाईच्या मांडीवर बसून अर्धीमुर्धी म्हटलेली आरती. एवढी वर्षं मी लोकांची गाणी वाजवली, पण पोटात असं काही सांभाळलं नव्हतं. माझा त्या कॅसेटवर जीव जडला होता, मित्रांनो.

आठवडा संपत आला की दिपिका म्हणायची, एक गंमत ऐकवायची आहे. निलेश म्हणायचा, “रविवारी ऐकू.” रविवारी ओव्हरटाइम निघायचा. नाही निघाला तर झोप, आणि झोप झाली की कविता. वर्ष गेलं, दुसरं गेलं. दिपिकानं विचारणं कमी केलं आणि मग सोडूनच दिलं. भाविका शाळेत जाऊ लागली, जीभ वळली, स्वच्छ बोलू लागली. बोबडं बोलणारी ती पोर आता फक्त त्या कॅसेटमध्ये होती.

पुढे रोह्याला कविसंमेलन ठरलं. निलेशचं नाव यादीत आलं, पण शिफ्ट बदलून मिळेना. त्याच्याबरोबर काम करणारा प्रविण म्हणाला, कविता टेप करून दे, मी टेप घेऊन जातो आणि तिथे लावतो. दिपिका तेव्हा भाविकाला घेऊन माहेरी गेली होती. निलेशनं कॅसेटी काढल्या. आईच्या भजनांना हात लावायची सोय नव्हती. मग त्याच्या हाती ‘हळदीची गाणी’ आली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, आता ही कोण ऐकणार? आणि नशीब बघा, बोळे आधीच कोंबलेले. कोणी, का, हे त्याच्या मनातही आलं नाही.

त्यानं तांबडं बटण दाबलं.

मला ओरडायचं होतं. पण आमच्या जातीला बोलता येतं ते दुसऱ्याचंच. तो म्हणू लागला:

‘मिठाच्या शुभ्र ढिगाऱ्यावरती
धावत होते माझे बालपण;
भोंग्यामागे धावतो आता,
द्या हो मजला एक तो क्षण.’

ओटीवरून धोंडुबाई म्हणाली, “मिठानं पाय फाटायचे तुजे, रडत घरी यायचास. ता नाय लिवलंस?”

कवितेत तसं नसतं, असं त्यानं आईला समजावलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मग आई खोकली, मग मालगाडी गेली, मग तो स्वतःच एक ओळ चुकला. दर वेळी कॅसेट मागे न घेता तिथूनच पुढे भरत राहिला. शेवटी मनासारखी झाली तेव्हा बाजू संपली होती. एकेक ओळीखाली भाविका पुसली जात होती आणि ते माझ्याच हातून होत होतं.

रोह्याला कविता फार गाजली. ती लावल्यावर सभागृहातली माणसं रुमाल काढून बसली, असं प्रविणनं परत आल्यावर निलेशला सांगितलं. मला हारसुद्धा घातला होता. तो मला टोचत होता.

दिवाळीत एक दिवस निलेशला सुट्टी मिळाली. दिपिकानं फराळाचं ताट त्याच्यापुढे ठेवलं, मला फडक्यानं पुसलं आणि म्हणाली, आज मी काही ऐकणार नाही, आज ऐकायचंच. कॅसेट घातली आणि ती हसतच त्याच्या तोंडाकडे बघत बसली.

निलेशचाच आवाज आला. मिठाच्या शुभ्र ढिगाऱ्यावरती...

तिला आधी वाटलं, कॅसेट चुकली. काढून बघितली. पुढे पळवली, तर पुन्हा तीच कविता. आणखी पुढे, पुन्हा तीच. निलेश विचारू लागला, अगं, काय होतं यात? तिनं सांगितलं. भांडली नाही, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, “तुमचं ल्हानपण तुमाला सगळं पाठ हाय. हिचं यात होतं.”

निलेशचा हात ताटातच राहिला. मग त्यानं अंगणात टिकल्या फोडणाऱ्या भाविकाला हाक मारली, जवळ घेतलं आणि म्हणाला, “भावू, तू लहान होतीस ना, तशी बोल ना जरा.”

“कशी?” तिनं विचारलं.

त्यानं दिपिकाकडे पाहिलं. ती उठून चुलीकडे गेली होती. भाविका वाट बघत उभी राहिली. बाबांना सांगता येईना, तेव्हा ती पुन्हा टिकल्या फोडायला पळाली.

मित्रांनो, मला पुसून नीट ठेवा, असं काही मी मागत नाही, माझे दिवस सरले. तुमच्या घरात कोणी ‘ऐका ना’ म्हणालं, तर तेव्हाच ऐका. ‘टेपमध्ये भरलेलं आहे, नंतर ऐकू’ असं म्हणून माझ्या भरवशावर मात्र राहू नका.