दारात ठेवलेली चार फुलं

कोबी आंबवायच्या जुन्या पिंपाचं लोखंडी कडं रिमगौदासने कोठाराच्या भिंतीवर ठोकलं, तेव्हा तो शाळकरी पोर होता आणि मी त्याच्याहून वर्षभराने लहान. त्यांचं अंगण आणि आमचं अंगण यांच्यामध्ये फक्त सफरचंदाची झाडं होती. तो दिवसभर त्या कड्यात चेंडू टाकायचा, भिंत धडधडायची आणि आतल्या गायी पान्हा चोरायच्या. या पोराचं लग्न त्या कड्याशीच लावावं लागणार, असं त्याची आई म्हणायची. लागलं माझ्याशी, पण तिचं फारसं चुकलं नव्हतं.

पुढे तो ताडमाड वाढला आणि शहराच्या संघाने त्याला उचललं. आमच्यावर तेव्हा मॉस्कोचं राज्य होतं. मोठ्याने बोलायची सोय नव्हती, म्हणून लोक बास्केटबॉलच्या सामन्याला जात आणि मनातलं सगळं तिथे ओरडून घेत. मॉस्कोचा संघ हरला की अनोळखी माणसं रस्त्यात एकमेकांच्या गळ्यात पडत. अशाच एका सामन्याआधी रिमगौदासच्या सुजलेल्या गुडघ्यातलं पाणी काढलं, बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि त्याला उतरवलं. आम्ही जिंकलो. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं. दुसऱ्या दिवशी त्याला पलंगावरून उतरता येईना. तिशीसुद्धा गाठली नव्हती, आणि त्याचं खेळणं संपलं. बक्षीस म्हणून दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला.

इस्पितळात मी त्याला बरणीतून बिटाचं थंड सार नेऊन देत असे. एकदा चमचा खाली ठेवून तो म्हणाला, "गेने, मी कधी कोच झालो ना, तर माझ्या पोरांच्या गुडघ्याला सुई लागू देणार नाही."

मी म्हटलं, आधी उभा तर राहा.

राहिला, आणि कोचही झाला. शहरातला फ्लॅट देऊन आमच्या गावात त्याच्या बदल्यात तसाच एक घेतला. स्वातंत्र्यानंतरचे ते पहिले हिवाळे मला अजून आठवतात. शाळेच्या हॉलला तापवायला इंधन नसे. पोरं लोकरी टोप्या घालून सराव करत, त्यांच्या तोंडातून वाफा निघत. मी राय धान्याच्या काळ्या पावाचे तुकडे लसूण चोळून तळून न्यायचे, ते चेंडूपेक्षा जास्त वेगाने पळवले जात. किती हसायचो आम्ही तेव्हा. खायला नसे आणि हसायचो.

त्या पोरांतला मांतविदास आमच्या घरचाच झाला. त्याची आई स्तेफानिया डेअरीत माझ्या शेजारी चीज कापडात बांधायला उभी असायची. बाप दारूपायी गेलेला. आम्हाला मूल नव्हतं. दर वाढदिवसाला रिमगौदास त्याला आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून उभं करी आणि डोक्यावर पेन्सिलीची रेघ ओढी. शेवटची रेघ ओढायला रिमगौदासला स्टुलावर चढावं लागलं.

मांतविदास वीस वर्षांचा झाला त्या हिवाळ्यात आमचा संघ वरच्या गटाच्या दारात उभा होता. एक सामना जिंकायचा होता. जिंकलो तर डेअरी संघाचा खर्च पुढेही चालवणार होती, हरलो तर बंद. इटलीहून तिथल्या एका संघाचा माणूस खास मांतविदासचा खेळ बघायला येणार होता. आणि आठवडाभर आधी त्याचा गुडघा फुगला. डेअरीच्या साहेबाने आपला डॉक्टर आणला. डॉक्टर म्हणाला, एक इंजेक्शन, एक सामना, मग हवी तेवढी विश्रांती. रिमगौदासने त्याला हॉलबाहेर काढलं.

त्याच संध्याकाळी स्तेफानिया आली. उंबऱ्यावरून बोलू नये, आत ये, असं मी दोनदा म्हटलं. ती आत आली नाही.

"उतरव त्याला," ती म्हणाली.

"त्याचा गुडघा जाईल."

"तुझाही गेला. पण फ्लॅट मिळाला ना? माझ्या पोराला काय मिळणार, चीज बांधायला?"

रिमगौदासने खाली बघत तिला सांगितलं, की सहा महिने थांबलं तर पोरगं पंधरा वर्षं खेळेल.

"आपल्या गावात सहा महिन्यांनी कोण येतं रे बघायला?" ती म्हणाली. "तुला भीती वाटते. तुझ्यापेक्षा मोठा होईल म्हणून."

ती गेल्यावर रिमगौदास बराच वेळ दार लावायला विसरला. घर गारठलं.

सामन्याला हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मांतविदास बाकावर डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता. अखेरच्या काही मिनिटांत आम्ही थोड्याच गुणांनी मागे होतो आणि अख्खा हॉल त्याचं नाव घेऊन पाय आपटत होता. डेअरीचे साहेब उठून रिमगौदासपाशी येऊन उभे राहिले. त्याने मान वळवली नाही. आम्ही हरलो. लोक ओरडले असते तर बरं झालं असतं. सगळे गुपचूप कोट चढवून निघून गेले. मांतविदास रिमगौदाससमोरून गेला, पण थांबला नाही.

सकाळी दार उघडलं तर पायपुसण्यावर लाल कार्नेशनची फुलं. मी उचलली आणि मोजली. चार होती. आमच्याकडे जिवंत माणसाला फुलं द्यायची ती एक, तीन, पाच अशी विषम. सम फुलं फक्त मेलेल्याला. मी ती कचऱ्यात टाकायला निघाले, तर रिमगौदासने माझ्या हातातून घेतली आणि बरणीत पाणी घालून जेवणाच्या टेबलावर ठेवली.

"फुलांचा काय दोष," म्हणाला.

मेली फुलं पुष्कळ दिवस टिकली. आम्ही त्यांच्यासमोर बसून जेवत होतो. कोणी ठेवली ते मी शोधलं नाही. हिवाळ्यात आमच्या गावात फुलं एकाच दुकानात मिळत, विचारलं असतं तर कळलं असतं.

डेअरीने हात काढून घेतला, संघ मोडला. मांतविदास दुसऱ्या गावच्या संघात गेला. तिथे त्याला इंजेक्शन देऊन उतरवलं, आणि वसंत ऋतूतच त्याचा गुडघा कायमचा गेला. मग तो आयर्लंडला मांसाच्या कारखान्यात लागला. कोच बरोबर होता, असं सांगायला आमच्या दारी कोणी आलं नाही. रिमगौदासलाही ते ऐकायचं नव्हतं. उरलेली वर्षं त्याने त्याच हॉलच्या किल्ल्या सांभाळल्या. ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे गेलेल्यांसाठी एक रिकामं ताट मांडतात. त्याच्या शेजारी तो आणखी एक मांडायचा. अरे, हे मेलेल्यांसाठी असतं, मी म्हणायचे. आयर्लंडला गेलेल्यांसाठी काही नसतं का, तो विचारायचा. स्वयंपाकघराचं दार मी दर वर्षी रंगवायचे, तो रेघांचा पट्टा सोडून.

यंदा पानगळीत तो गेला. थडग्याशी बहुतेक म्हातारीच माणसं होती. तरुण आमच्या गावात उरलेत कुठे. फाटकातून एक उंच माणूस पाय ओढत आला, केस विरळ झालेला. हातात पांढरी शेवंती. त्याने ती मातीवर ठेवली आणि बायकांमध्ये कुजबुज झाली. फुलं पाच होती.

स्तेफानिया काठी टेकत पुढे झाली आणि तिने त्यातलं एक फूल काढून घेतलं. "परदेशात राहून सगळं विसरला हा," ती मला म्हणाली, जणू माफी मागत होती.

"विसरलो नाही, आई," मांतविदास म्हणाला. "मोजूनच आणलीत. ठेव ते परत."

ती तशीच उभी राहिली. फूल हातात, आणि नजर माझ्याकडे येईना. तेव्हा मला दुकानात चौकशी न केल्याचं बरं वाटलं. मी तिच्या हातातून फूल घेतलं आणि बाकीच्या चारांत ठेवलं.

माती गोठायला लागली होती. फाटकापर्यंत मांतविदासने मला हात दिला. आम्ही दोघंही सावकाश चालत होतो, तो पायामुळे आणि मी वयामुळे. घरी येशील का, मी विचारलं. दारावरच्या रेघा अजून आहेत, म्हटलं.

"नको, काकू," तो म्हणाला. "उद्याच्या विमानाने परत जायचंय. परवा पहाटे कारखान्यात पाळी आहे."