दुर्गाबाईंनी निवडलेला राघू

मित्रांनो, मी एक जुना सागवानी राघू आहे. खरा नव्हे, कोरलेला. खांब आणि तुळई जिथे भेटतात, त्या कोपऱ्यात नक्षीचा लाकडी तुकडा, म्हणजे हस्त, बसवतात, तोच मी. भार खांबाने पेलायचा आणि कौतुक आम्ही करून घ्यायचं, असा आमचा थाट! माझ्या जोडीला एक मैना होती. कचरू सुताराने आम्हा दोघांना एकाच ओंडक्यातून घडवलं.

तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य होतं. टेंभुर्णीच्या रामरावांनी नवं घर बांधायला काढलं. कचरूने निवडीसाठी नमुने मांडले : वाघ, हत्ती आणि आम्ही. रामरावांची नजर वाघावर खिळली होती. पण चौकटीला हळदकुंकू जी लावते, तिलाच नक्षी विचारायची, अशी कचरूची रीत होती. त्याने दाराआड उभ्या असलेल्या रामरावांच्या पत्नीला, दुर्गाबाईंना, हाक दिली.

"मालकीणबाई, तुमी सांगा."

दुर्गाबाईंना त्या घरात आजवर कोणी काही विचारलं नव्हतं. बैल कोणता घ्यायचा, लेक कुठे द्यायची, सगळं बाहेर ठरायचं. त्यांनी दाराआडून पुढे येऊन आम्हाला हात लावून पाहिला. मग हळूच म्हणाल्या, "राघू-मैना बसवा. घरात कोणी बोलून राह्यलंय असं वाटंल."

रामराव हसले, पण नाही म्हणाले नाहीत. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

वास्तुशांतीला वडीगोद्रीचे व्याही आले. त्यांनी जेवता जेवता ओसरीच्या खांबावर आम्हाला पाहिलं आणि भर पंगतीत म्हणाले, "रामराव, खांबावर वाघ पाह्यजे. ही बायकूची पसंती दिसून राह्यली. बिलकुल बाईलवेडे झालात की!"

पंगत खो खो हसली. रामरावांनी हातातला घास ताटात ठेवला.

पाहुण्यांची पाठ वळताच आम्ही खाली उतरलो आणि वाघ वर चढले. "लोक हसून राह्यलेत," एवढंच रामराव म्हणाले. "बराबर हाय तुमचं," म्हणून दुर्गाबाई आत गेल्या. त्यानंतर त्यांनी कशातच पसंती सांगितली नाही. राघू असून मला त्यांच्या बाजूने एक शब्द बोलता आला नाही, याचं फार वाईट वाटतं.

आमची रवानगी गोठ्यात झाली. अंगावर शेण उडे, कोंबड्या डोक्यावर बसत. एका थंडीत सरपण कमी पडलं, म्हणून गड्याने मैनेला चुलीत घातलं. दुर्गाबाईंना ते कळलं तेव्हा त्या गोठ्यात आल्या. पदराने माझं तोंड पुसलं आणि मला कडब्यामागे, कोणाचा हात पोचणार नाही असं ठेवलं. मैनेसाठी मी रडलो असतो, पण लाकडाला पाणी कुठून येणार?

वर्षं गेली. निजामाचं राज्य संपलं, त्याच हिवाळ्यात दुर्गाबाईंनी अंथरूण धरलं. एका सकाळी रामराव गोठ्यात आले. आपल्या हातांनी कडबा उपसून त्यांनी मला बाहेर काढलं, धोतराने पुसलं आणि कचरूला बोलावणं धाडलं.

"काय पाह्यजे म्हणून इचारलं तिला," ते कचरूला सांगत होते. "तर म्हनली, एकदाच सांगितल्तं, आता काय सांगू? जल्दी कर कचरू. वाघ काढ. तिला उचलून ओसरीवर आणतो मंग."

कचरूने वाघ उतरवला. मला खांबाला लावून तो खुंटी ठोकू लागला, तोच आतून सुनेने हंबरडा फोडला. कचरूचा हात थांबला.

रामराव खांबाला धरून खाली बसले. म्हणाले, "थांबू नको. बसव. तिनं निवडलंय त्ये."

मित्रांनो, घर सजवताना घरातल्या माणसाला जरूर विचारा. आणि विचारलंत, तर त्याचा शब्द लोकांच्या हसण्यापायी गोठ्यात टाकू नका. आज येणारा-जाणारा मान वर करून माझी नक्षी वाखाणतो. मला मात्र त्याच ओसरीवरून दुर्गाबाईंना नेताना पाहावं लागलं, आणि त्यांचे डोळे मिटलेले होते.