आयोडीन दारात उभं होतं

आमच्या रसायनशास्त्र विभागाची एक शिस्त होती: आलेखावर आधी रेषा काढायची, मग तिच्यावर ठिपके द्यायचे. रेषा कुठली, ते विभागप्रमुख मॅडम सांगत. "आयोडीन दुप्पट, वेग दुप्पट. डोकं चालवू नका, पट्टी चालवा."

शेवटच्या प्रात्यक्षिक परीक्षेत सगळ्या वर्गाने पट्टी चालवली. अपवाद एकच, शंकासुर. हे नाव त्या मुलीला पहिल्याच वर्षी चिकटलं होतं. अ‍ॅसिटोन, आम्ल आणि आयोडीन एकत्र करून आयोडीनचा तपकिरी रंग किती वेगाने उतरतो, हे तिने चक्क मोजलं. मग आयोडीन दुप्पट घेऊन पुन्हा मोजलं. वेग ढिम्म हलला नाही. आलेखावर दोन समांतर रेषा आल्या.

"अगं, नापास होशील," मॅडम कुजबुजल्या. "पाणी तपासणीतली ठरलेली नोकरी जाईल. खोड ते!"

तिने खोडरबर उचललं. थोडा वेळ धरलं आणि खाली ठेवलं.

बाहेरून आलेले परीक्षक एकसारखे आलेख बघून पेंगुळले होते. तिच्यापाशी जागे झाले.

"वेग तोच? मग जास्तीचं आयोडीन करत काय होतं?"

"दारात उभं होतं, सर."

"म्हणजे?"

"बाहेर जायचं म्हटलं की आमची आई चप्पल घालून दारात तयार. बाबा आत चष्मा शोधतायत. आईशेजारी आत्याही येऊन उभी राहिली, म्हणून चष्मा काही लवकर सापडत नाही. इथे अ‍ॅसिटोनचं आवरायला वेळ लागतो. त्याने रूप बदललं रे बदललं की आयोडीन त्याला धरतं. म्हणून आयोडीनपुरती अभिक्रियेची कोटी शून्य, ते कितीही वाढवा, वेग तोच."

"आणि घाई असेल तर?"

"बाबांना चष्मा शोधू लागायचं. आम्ल वाढवायचं."

"दाखव."

तिने दोन चंचुपात्रं शेजारी ठेवली. आयोडीन दोन्हींत सारखं, आम्ल एकात दुप्पट. वर्ग माना उंचावून बघत होता. दुप्पट आम्लाचं मिश्रण पाण्यासारखं नितळ झालं, तेव्हा दुसरं जेमतेम निम्मं उतरलं होतं.

परीक्षकांनी तिला पास केलं, तेही भरघोस गुणांनी. "पाणी तपासायला हीच बरी," ते म्हणाले. "बाकीच्यांनो, अर्धा तास वाढवून देतो. यावेळी बाटल्या उघडा."

खोडरबरं सरसावली. मॅडम इकडेतिकडे बघत तिच्या टेबलाशी आल्या.

"शंकासुरा, मला सांग बाई, ते आम्ल नक्की किती घेतलंस?"