माझ्या अंगावरचे सिमेंट

मित्रांनो, मी एक जुने विटांचे घर आहे. कॅथीड्रलच्या शहराबाहेर, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आम्ही सात घरे एका रांगेत उभी होतो. आता दोन उरलो आहोत आणि उद्या सोमवारी एकच उरेल. बाहेरून येणारे लोक माना वर करून कॅथीड्रलचा मनोरा पाहतात. माझ्याकडे कोणी पाहत नाही, आणि त्याचे मला कधी वाईटही वाटले नाही.

तीनशे वर्षांपूर्वी मला बांधले तेव्हा माझ्या विटांच्या फटी चुन्याने भरल्या होत्या. चुन्याची भिंत पावसात पाणी पिते आणि वारा सुटला की ते सोडून देते. हेच आमचे श्वास घेणे. चुना मात्र झिजतो, अधूनमधून नवा भरावा लागतो. माझी मागणी एवढीच होती.

एडगर पॉस्किट आणि त्याची बायको नोरा माझ्याकडे राहायला आली. एडगर कॅथीड्रलचा पाथरवट. तिथल्या दगडांच्या फटी भरण्यात त्याचा जन्म गेला, आणि चिमूटभर सिमेंटही तो तिथे फिरकू देत नसे. आल्या वर्षीच त्याने परसात खड्डा खणला, त्यात चुना भिजत घातला आणि वर फळ्या टाकल्या. "येत्या उन्हाळ्यात आपल्या भिंतींच्या फटी भरून टाकतो," तो म्हणाला. असे एकवीस उन्हाळे गेले.

"तुझं लग्न माझ्याशी झालंय की त्या मनोऱ्याशी?" नोरा विचारी.

"मनोरा भांडत नाही गं," तो म्हणे, आणि चहाचा कप पुढे करी.

मग दगडाची धूळ त्याच्या छातीत बसली. खोकला सुरू झाला की त्याला भिंतीला धरून उभे राहावे लागे. शरद ऋतूत त्याला सहा आठवडे रुग्णालयात ठेवले. घरात ओल अजिबात नको, असे डॉक्टरांनी नोराला बजावले. माझ्या फटी तर तेव्हा रिकाम्या झाल्या होत्या.

नोराचा भाऊ क्लिफ नव्या वसाहतीची घरे बांधत असे. तो म्हणाला, "बाहेरून सिमेंटचा जाड थर देतो. थेंब आत येणार नाही."

"एडगरला विचारायला हवं."

"विचार की! तो म्हणेल, येत्या उन्हाळ्यात."

नोरा हसली. ते हसणे मी विसरलेले नाही. दोन दिवसांत मी पुढून-मागून राखाडी झाले. शेजारीण म्हणाली, "अगं, हे तर नवंच घर दिसतंय!" आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझे कौतुक केले होते. खोटे कशाला सांगू, मी सुखावले.

एडगर घरी आला. दारातच थांबून त्याने भिंतीवर तळहात ठेवला, मग बोटाच्या पेराने दोनदा टकटक केले. नोरा त्याच्याकडे बघत उभी होती.

"बोल ना! कसं वाटतंय?"

त्याने बराच वेळ हात काढला नाही. ते सिमेंट फोडून काढण्याइतका दम त्याच्यात उरला नव्हता आणि तिला सांगण्याचा धीरही झाला नाही.

"छान झालंय," तो म्हणाला. "आता ऊब राहील."

सिमेंटला बारीक तडे गेले. त्यांतून पाणी आत शिरले, पण बाहेर जायला वाट उरली नाही. डिसेंबरात त्याच्या उशामागे काळी बुरशी चढली. नोरा ती रोज पुसून काढी.

"एवढं सिमेंट लावलं, तरी ही ओल येते कुठून?"

"नदीवरून येते गं," तो म्हणे.

फेब्रुवारीत तो गेला. कॅथीड्रलच्या घंटांच्या लोलकांना एका बाजूने चामडे बांधून, शोकाच्या रीतीने, त्या त्याच्यासाठी वाजवल्या. एक टोल मोठा, एक दबलेला.

चार वर्षांनी माझे छत वाकले. नगरपालिकेची एक तपासनीस बाई आली. तिने तुळईच्या टोकात चाकू खुपसला, तो मुठीपर्यंत आत गेला.

"हे सिमेंट कोणी लावलं?"

"माझ्या भावानं. मी सांगितलं म्हणून."

"चुन्याच्या घराला सिमेंट? अहो, कॅथीड्रलच्या कुठल्याही पाथरवटाला विचारायचं. त्यानं सांगितलं असतं."

नोरा खुर्चीवर बसली. "माझा नवराच तिथला पाथरवट होता."

"मग ते काहीच कसे बोलले नाहीत?"

मला पाडायचे ठरले.

घर सोडण्याच्या दिवशी तिने एडगरची छिन्नी-हातोडी काढली आणि दाराशेजारचे सिमेंट फोडायला घेतले. हाताला फोड आले, तरी ती थांबली नाही. "बोलायचं होतंस ना, गाढवा," ती म्हणत होती, "ओरडायचं होतंस माझ्यावर." मग तिने खड्ड्यावरच्या फळ्या सरकवल्या. इतक्या वर्षांनंतरही पाण्याखालचा चुना लोण्यासारखा मऊ होता. तिने तो बोटांनी माझ्या उघड्या फटींत भरला, वेडावाकडा, हात पोहोचेल तेवढाच.

मित्रांनो, कोणाची काळजी घ्याल तर आधी त्याला विचारा. आणि तुमच्या माणसाचे चुकत असेल तर त्याच्यावरच्या मायेपोटी गप्प राहू नका. एडगर गप्प राहिला. मला तर बोलताच येत नव्हते.

सकाळपासून नदीवरून वारा सुटला आहे. माझे सगळे अंग ओले आहे. दाराशेजारचा नोराने भरलेला तुकडा तेवढा कोरडा झाला आहे.