पाव टाकी

"ज्याने हे धूड इथे बसवलं ना, त्याला शोधून आणा आणि म्हणावं, आता तूच काढ बाबा," लायमन माझ्या कानाशी कुरकुरला. आम्ही दोघं थर्लोच्या मोटरहोमखाली पाठीवर पडलो होतो आणि आमच्या नाकांवर सव्वाशे किलोचा जनरेटर लटकत होता. "बहात्तर वर्षं झाली मला. कमरेत दोन स्क्रू घातलेत डॉक्टरांनी. तेही काढायचे असतील तर सांग, पाना तुझ्या हातात आहेच."

"बोलू नकोस, तोंडात माती जाईल."

"ॲरिझोनात सहावा हिवाळा आहे माझा, डोरिंडा. ती रोजच जाते."

मी हसले. मग आपण हसलो याची लाज वाटली. अकरा दिवस माझं असंच चाललं होतं. हसू यायचं आणि मागोमाग कोणीतरी कॉलर धरल्यासारखं व्हायचं.

गाडी १९७६ सालची. तपकिरी पट्ट्यांची, टोकाला गोलसर, पावासारखी. थर्लो आणि त्याची बायको आर्विला बावीस वर्षं तिच्यात राहतात. उन्हाळ्यात डोंगरात, हिवाळ्यात इथे वाळवंटात, आमच्यासारख्या चाळीस-पन्नास गाड्यांच्या तळावर. इथे वीज नाही, नळ नाही. छतावर सौरऊर्जेचे पत्रे, आणि ते कमी पडले की जनरेटर. थर्लो आता एक्क्याऐंशीचा आहे आणि त्याची फुप्फुसं थकली आहेत. रात्री ऑक्सिजनचं मशीन लागतं, आणि त्या मशीनला रात्रभर वीज. तळाचा नियम आहे की दहानंतर सगळे जनरेटर बंद. थर्लोला त्यातून सूट होती. लायमन एकटाच त्यावर कुरकुरायचा, कारण त्याची खिडकी नेमकी त्या बाजूला.

मी तळावरची मेकॅनिक. कागदावर नाही. नवरा निघून गेला तेव्हा त्याचा बंद पडलेला ट्रक मागे राहिला होता. वाचनालयातून पुस्तकं आणून, तीन वेळा उघडून आणि चार वेळा चुकीचा जोडून मी तो चालू केला. नवऱ्याच्या मागे जायला नव्हे, विकायला. तेव्हापासून इंजिनांचं आणि माझं बरं जमतं. इंजिन खोटं बोलत नाही. खोटं बोलणं माझ्यासारख्यांचं काम.

"पोरी," वरून थर्लोचा आवाज आला. मी चोपन्नची आहे, पण त्याच्यासाठी पोरीच. तो सावलीत खुर्चीत बसला होता, नाकाला नळी, पायाशी छोटं सिलिंडर. "बॅटरीची तार आधी सोडलीस ना?"

"सोडली."

"तारांना चिकटपट्ट्या लावून नावं घातलीस?"

"घातली."

"कोणत्या अक्षरात? मागच्या वेळी तुझं अक्षर तुलाच लागेना."

"थर्लो, तू श्वास घे. बाकी मी बघते."

सगळे हसले. आर्विला हसली नाही. ती दारात बसून चिनी मातीचे कप वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

कप का गुंडाळत होती, ते सगळ्यांना ठाऊक होतं. अकरा दिवसांपूर्वी, वारं सुटलेल्या रात्री, तीन वाजता जनरेटर बंद पडला. ऑक्सिजनचं मशीन किंचाळायला लागलं. अंधारात आर्विलाला सिलिंडरची किल्ली सापडेना. तिने गाडीचा भोंगा दाबून धरला तेव्हा तळ जागा झाला. लायमनने थर्लोला उचलून आपल्या ट्रकमध्ये घातलं आणि तीस मैल रुग्णालयापर्यंत पळवलं. चार दिवस थर्लो तिथे होता. आणि त्यांच्या मुलाने, ब्रेंटने, ओमाहाहून फोनवर सांगितलं: शनिवारी येतो, गाडी विकून टाकू, तुम्ही दोघं माझ्याकडे चला. भरवसा नसलेल्या यंत्राच्या जिवावर माझा बाप झोपणार नाही.

आज गुरुवार होता.

"वायर झाली. आता पेट्रोलची नळी," मी म्हणाले.

लायमनने चिमटा लावला, मी नळी सोडली. चिमटा जरा सैल बसला होता. नळीतून थेंब आले, मग धार. स्वच्छ, ताजं पेट्रोल, माझ्या मनगटावर थंडगार.

"पेट्रोल तर छान येतंय," लायमन म्हणाला.

वर कागदाची खसखस थांबली.

हे दुसऱ्या कोणाला कळणार नाही, पण आमच्या लोकांत जनरेटर बंद पडला की पहिला प्रश्न एकच असतो: टाकीत किती आहे? शेंबडं पोरही तोच विचारेल. कारण या गाड्या बांधणाऱ्यांनी एक शहाणपणा करून ठेवला आहे. टाकी इंजिनाची आणि जनरेटरची एकच, पण जनरेटरची नळी टाकीच्या तळापर्यंत जात नाही, पाव टाकीवरच थांबते. पेट्रोल त्याच्या खाली गेलं की जनरेटर आपोआप बंद. मालक रात्रभर दिवे जाळत बसला तरी वाळवंटातून बाहेर पडण्यापुरतं पेट्रोल उरावं, म्हणून. थर्लोच्या गाडीचा काटा कित्येक वर्षं अर्ध्यावरच अडकलेला आहे. म्हणून किती मैल झाले, किती तास जनरेटर चालला, हे दाराला टांगलेल्या वहीत लिहायचं आणि शहरात गेलं की टाकी भरायची.

शहरात गाडी मी नेते. थर्लोची नजर गेल्यापासून, दर दहा दिवसांनी. मैल्याची टाकी रिकामी करायची, पाणी भरायचं, पेट्रोल भरायचं, परत यायचं. जनरेटर बंद पडला त्याच्या आदल्या दिवशी पंपावर मोठी रांग होती. जानेवारीतल्या बाजाराला माणसं लोटली होती. मी म्हटलं, रांग ओसरू दे, तोवर तंबूंमधून एक चक्कर मारू. एका म्हाताऱ्याकडे पान्यांचा संच होता, जुना, जड, एकही पाना हरवलेला नाही. मी तासभर त्याच्याशी घासाघीस केली. संच घेतला. परत आले तर रांग तशीच. वारं वाढत होतं. उद्या माझ्या भरल्या डब्यांतलं ओतू, असं मनात म्हणून मी निघाले आणि वहीत सवयीने लिहिलं: भरली.

पहाटे ते रुग्णालयात होते तेव्हा मी माझे पाच गॅलनचे दोन लाल डबे त्या टाकीत ओतले. बटण दाबलं. जनरेटर पहिल्या झटक्यात सुरू झाला. मी तो लगेच बंद केला आणि दुपारी तळाला सांगितलं, "सुरू होतोय, पण भरवसा नाही. बाहेर काढून बघावा लागेल."

कोणी पहिला प्रश्न विचारला नाही. मेकॅनिकने सांगितलं म्हणून असेल, असं मी स्वतःला समजावत होते.

"घोडा लाव खाली," मी लायमनला म्हणाले. मोटरसायकल उचलायचा तो बुटका जॅक आम्ही सरकवला, वर फळी, फळीवर जुनं पायपुसणं. मग चार बोल्ट. दोन निघाले. तिसरा गंजलेला होता. मी त्या नव्या संचातला सर्वात लांब पाना लावला आणि अंगाचा भार टाकला. बोल्ट कण्हला आणि फिरला.

"झकास पाने आहेत गं," लायमन म्हणाला. "कुठून आणलेस?"

"बाजारातून."

"कधी?"

"मागे."

चौथा बोल्ट निघाला तसा जनरेटर फळीवर धप्प बसला आणि सगळी गाडी एक श्वास सोडल्यासारखी वर उचलली गेली. आम्ही जॅक इंच-इंच खाली घेतला. मग गालिच्याचा तुकडा टाकून धूड त्यावर ओढलं. लायमन एका टोकाला, मी दुसऱ्या. अर्ध्यात तो थांबला आणि कमरेवर हात ठेवून वाकूनच राहिला.

"सोड, मी करते."

"नाही," तो हळू म्हणाला, वर ऐकू जाऊ नये असं. "त्या संध्याकाळी मी आर्विलाला म्हणालो होतो, एक रात्र तरी शांत झोपू द्या. मजेत म्हणालो. आणि त्याच रात्री हा बंद पडला. माझ्या तोंडाला आग लागो. आता माझा जनरेटर त्यांना जोडून दिलाय, तो रात्रभर भुंकतो माझ्याच उशाशी. भुंकू दे. ओढ तू."

मला तेव्हा सांगता आलं असतं. आम्ही दोघंच होतो. मी ओढलं.

उन्हात आणल्यावर तो जनरेटर फार मोठा दिसेना. धूळ, तेलाचे ओघळ, कडेला उंदराचं जुनं घरटं. मी तो पुसायला लागले. माझ्या खिशात दुसऱ्याच इंजिनातला एक जळका सुटा भाग होता, काळाठिक्कर. तो या झाकणाखालून काढल्यासारखा दाखवायचा, नवा बसवायचा, दोष सापडला म्हणायचं. आठवडाभर मी हेच ठरवत होते. यात कोणाचं काही वाईट होत नव्हतं.

आर्विला कॉफी घेऊन आली. दुसऱ्या हातात तिची ओतीव लोखंडी कढई होती, मक्याची भाकरी भाजायची. तिच्या आजीची.

"ही तुला," ती म्हणाली. "ओमाहात ब्रेंटकडे काचेची शेगडी आहे. याने ओरखडे पडतील म्हणतो."

"मला नको, आर्विला."

"घे गं. तू आमच्यासाठी एवढं करतेस." तिने कढई माझ्या मांडीवर ठेवली. ती जनरेटरपेक्षा जड होती.

"कढई दिलीस?" थर्लो खुर्चीतून म्हणाला. "मग आता मी काय खाऊ?"

"मुलाच्या घरचं डब्यातलं सूप."

"ते दात नसलेल्यांसाठी असतं."

"तुझे कुठे आहेत?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने तो सगळ्यांना ऐकू येईल असा करून जनरेटरवरच ठेवला.

"काढलं का ते?" ब्रेंटचा आवाज. त्याला मी लहानपणापासून नाही, पण पंधरा वर्षं ओळखते. वाईट माणूस नाही. घाबरलेला आहे.

"काढलं बाळा. डोरिंडा बघतेय आता. दोष सापडला की ती दुरुस्त करेल. मग तू म्हणशील तर..."

"आई, दोष सापडू दे नाहीतर न सापडू दे. एकदा बंद पडलं ते परत पडेल. आज एक भाग गेला, उद्या दुसरा जाईल. पन्नास वर्षांचं यंत्र आहे. मी काय दर रात्री इथे जागा राहू?"

"बरोबर आहे त्याचं," आर्विला आम्हाला म्हणाली आणि ॲप्रनवर नसलेलं काहीतरी झटकावं तसा तो झटकला.

माझा हात खिशात होता. जळका भाग बोटांना लागत होता. तो बाहेर काढला असता तर ब्रेंटचंच म्हणणं खरं ठरलं असतं. मी आठवडाभर ज्याला सुटका समजत होते, त्यानेच त्यांना गाडीतून बाहेर काढलं असतं.

थर्लो माझ्याकडे बघत होता. त्याला दिसत नाही म्हणतात, पण तोंड नेमकं माझ्याकडे होतं. "पोरी," तो म्हणाला, "यंत्राला काय झालंय?"

लायमन खाली बघत होता. माझ्या गाडीच्या शिडीला टेकून माझे दोन लाल डबे उभे होते, झाकणं उघडी, अकरा दिवस. येता-जाता सगळ्यांनी ते पाहिले होते. आर्विलानेही.

मी कढई मांडीवरून उचलून जमिनीवर ठेवली.

"यंत्राला काही झालेलं नाही," मी फोनकडे वाकून म्हणाले. "ब्रेंट, ऐक. पेट्रोल पाव टाकीच्या खाली गेलं होतं. टाकी मी भरली नव्हती, आणि वहीत भरली म्हणून लिहिलं."