सरासरीत हरवलेला ताप

मित्रांनो, रुग्णालयाच्या या वॉर्डात, कापसाच्या डब्याशेजारी आडवा पडलेला मी एक जुना थर्मामीटर आहे. काचेचा देह, पोटात पारा आणि गळ्याशी एक अरुंद चिमटा, एवढीच माझी संपत्ती. या चिमट्याविषयी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा घोटाळा त्याच्यापासूनच सुरू होतो. वर चढलेला माझा पारा आपण होऊन खाली उतरत नाही. मला झटकून तो उतरवावा लागतो. हा दोष नव्हे. बगलेतून काढून उजेडात नेईपर्यंत आकडा जागेवर राहावा, म्हणून कारागिराने तापलेली काच तिथे मुद्दाम आवळली आहे.

माझ्या उमेदीच्या काळात मला मान होता. मोठ्या डॉक्टर, ज्यांना सगळे नुसते ‘बाई’ म्हणत, मला खिडकीशी धरून म्हणायच्या, “हा बिनचूक आहे, जपून वापरा.” पुढे बॅटरीवर चालणारे, टीं टीं करणारे थर्मामीटर आले आणि माझी वर्णी अडीअडचणीपुरतीच लागू लागली. माझी दोन भावंडे तर कोणीतरी उकळत्या पाण्यात धुतल्यामुळे फुटली. त्यांच्यासाठी कोणी हळहळले नाही.

अशा पडत्या काळात काका माझ्या आयुष्यात आला. काका म्हणजे कोणाचा नातेवाईक नव्हे, डॉक्टरकीचा एक विद्यार्थी. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन, काही वर्षे प्रयोगशाळेत नोकरी करून तो पुन्हा पहिल्या वर्गात येऊन बसला होता. वर्गातील पोरे त्याच्याहून पुष्कळ लहान. त्यांनीच हे नाव ठेवले. घरी त्याची ताई फोनवर विचारी, “एक पदवी पचली नाही म्हणून दुसरी मागवलीस का रे?” तो हसे आणि पुस्तक उघडे.

पहिल्याच दिवशी त्याने मला न झटकता एकामागून एक चार रुग्णांना लावले. पहिल्याला सणसणीत ताप होता. उरलेल्या तिघांचे अंग गार असूनही माझ्यावर तोच आकडा कायम राहिला. प्रयोगशाळेतील थर्मामीटरचा पारा आपोआप उतरतो, हे त्याचे ज्ञान खरे होते. माझ्या बाबतीत मात्र ते लागू नव्हते.

“काका, साथ आली की काय वॉर्डात?” पोरे खिदळली.

काका कानापर्यंत लाल झाला. त्या दिवसापासून त्याचा स्वतःवरचा विश्वास उडाला, आणि त्याबरोबर माझ्यावरचाही. तो पुटपुटे, “इथं ‘कदाचित’ म्हटलं तर बाई रागावतात, आणि ‘नक्की’ म्हटलं तर माझं मन रागावतं. करायचं काय माणसानं?”

पुढे शिंपीमामांचे प्रकरण घडले. पायाच्या जखमेवर शस्त्रक्रिया होऊन ते आमच्या वॉर्डात पडून होते. घरी नात जन्मली होती आणि त्यांनी तिला अजून पाहिले नव्हते. बाईंनी सकाळी सांगितले, “दुपारभर ताप बघ. शंभराच्या वर गेला तर लगेच मला बोलाव. नाही गेला तर संध्याकाळी घरी सोडू.”

काकाने मला नीट झटकून मामांच्या बगलेत ठेवले. मी अठ्ठ्याण्णवाच्या जरासा वर थांबलो. काही वेळाने पुन्हा ठेवले. मी नव्याण्णव ओलांडले. तिसऱ्यांदा शंभराची रेषाही मागे पडली. काका माझ्याकडे पाहतच राहिला.

“अहो काका,” मामा म्हणाले, “सारखं बगलेत घालून त्या काडीलाच ताप आला असेल. मला सोडा की! पोरगी वाट बघतेय.”

“तीन वेळा तीन आकडे येतात, मामा. बहुतेक माझ्याच झटकण्यात चूक होतेय.”

“मग मधला धरा. तुमचंही राहील, माझंही राहील!”

काकाने मधला धरला नाही, पण प्रयोगशाळेत शिकलेली रीत वापरली. एकच गोष्ट तीनदा मोजून आकडे निराळे आले, तर बेरीज करून तिनाने भागायचे. चूक चुकीला खाते आणि खरा आकडा उरतो. सरासरी आली नव्याण्णवाच्या थोडी वर. त्याने तेवढीच कागदावर लिहिली. बाईंनी तो आकडा पाहून मान डोलावली आणि मामा घरचे कपडे चढवू लागले.

आता माझी अवस्था ऐका. मी तिन्ही वेळा खरे बोललो होतो, तरी तिन्ही वेळा निराळे बोललो होतो. मग मी खरा कसा? आणि खोटा असेन, तर नेमका कितव्या वेळी? माझ्याच पाऱ्याची मला शंका येऊ लागली. काकाने मला कागदात गुंडाळून वर ‘नादुरुस्त’ असे लिहिले.

पण दोष सिद्ध केल्याशिवाय एखाद्या उपकरणाला काढून टाकणे त्याच्या स्वभावात नव्हते. तो मला शेजारच्या खोलीत घेऊन गेला, वाटीत कोमट पाणी घेतले आणि माझ्या जोडीला दुसरा थर्मामीटर बुडवला. भावंडांच्या आठवणीने मी जीव मुठीत धरला. पण पाण्यात आधी बोट घालून पाहण्याइतका तो सावध होता. दोघांचा पारा एकाच रेषेवर थांबला. त्याने दोघांना झटकले आणि पाणी बदलले. पुन्हा तीच रेषा दोघांची.

“म्हणजे हा बरोबर आहे,” काका हळूच म्हणाला. “आणि झटकणंही बरोबर आहे. मग बदलत होतं ते...”

वाक्य तिथेच टाकून तो धावला. मामा पिशवी मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसले होते.

“मामा, थांबा. जाऊ नका.”

“मघाशी तर जा म्हणालात!” मामा चिडले. “डॉक्टर आहात का हवामानखातं?”

झटकून चौथ्यांदा लावल्यावर मी एकशे दोनाच्या पलीकडे गेलो आणि मामांचे दात वाजू लागले. बाईंनी येऊन पट्टी सोडली. आत पू साठला होता. जखम तिथल्या तिथे साफ झाली, औषधे बदलली, आणि सारे वेळीच झाले म्हणून पाय वाचला.

बाईंनी काकाकडे वळून विचारले, “आधीचे तीन आकडे कुठं आहेत?”

“सरासरी काढली, बाई. मग वाटीतल्या पाण्यात थर्मामीटर तपासला.”

“अरे, तो माणूस आहे. वाटीतलं पाणी नाही.”

“पाणीही निवत जातं, बाई. बदलत्या गोष्टीची सरासरी तिथंही चुकलीच असती.”

बाईंनी हातमोजे काढले. “मग तुझी पहिली पदवी तुला नडली म्हणायची का तिनं तारलं?”

“तेच कळत नाहीये.”

“मलाही नाही,” बाई म्हणाल्या. “आकडे लिही आधी.”

मामांचे घरी जाणे मात्र लांबले. त्या रात्री त्यांनी माझ्याकडे जी नजर टाकली, ती मी विसरलेलो नाही. माझ्या खरेपणामुळे एका माणसाचा पाय वाचला, आणि त्याच खरेपणामुळे नातीची भेट हुकली. मी आनंद मानावा की अपराध, हे मला अजून उमगलेले नाही. बरे झाल्यावर मामांनी निघताना स्वतःहून हात वर केला. “लावा. आज तीनदा लावलं तरी चालेल.” काकाने मला तीनदा लावले आणि तिन्ही आकडे लिहिले.

मित्रांनो, मला उकळत्या पाण्यात धुऊ नका आणि झटकताना कशावर आपटू नका, हे तर सांगायलाच नको. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. माझे बोलणे तुमच्या मनातल्या आकड्याशी जुळले नाही, तर मला खोटा ठरवण्याआधी, आणि स्वतःलाही खोटे ठरवण्याआधी, जो माणूस समोर अंथरुणावर पडला आहे त्याच्या कपाळावर एकदा हात ठेवून पाहा.