हळदीच्या दिवशीची मुलाखत

वसईजवळच्या जूचंद्र गावात रामनाथ म्हात्र्यांच्या अंगणात शनिवारी सकाळपासून मांडवाला आंब्याचे डहाळे बांधणं चाललं होतं, आणि मागच्या खोलीत त्यांची थोरली सून विनया संगणकावरची धूळ पुसत होती. २००८ साल होतं. तिचा नवरा अल्पेश जाऊन दीड वर्ष झालं होतं.

विनया ज्या कंपनीसाठी संगणकाच्या प्रोग्रामांतल्या चुका शोधायचं काम करी, तिला कचेरीच नव्हती. मालक बंगळुरात, कोणी पुण्यात, कोणी कोल्हापुरात. सगळे आपापल्या घरून काम करत. विधवा सुनेला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू न देणाऱ्या घराला आणखी काय हवं? सोन्याहून पिवळं! "घरान बसून नोकरी," असं रामनाथ चारचौघांत मिशीला पीळ देत सांगत. सून शहाणी म्हणून कौतुक, आणि ती कुणाला दिसत नाही म्हणून त्याहून जास्त.

हल्ली कंपनीने नव्या उमेदवारांच्या मुलाखती घ्यायचं कामही तिच्याकडे दिलं होतं. धाकटा दीर विघ्नेश याची हळद चारला ठरल्याचं कळताच विनयाने त्याच वेळेची मुलाखत मागून घेतली. हळदीला आपल्याला कोणी बाहेर बोलावणार नाही, हे तिला ठाऊक होतं. कोंडून बसण्याला निदान एखादं बरं नाव मिळावं, एवढीच बिचारीची धडपड. तिचं चुकलं ते इथेच.

सासू भागूबाई चहा घेऊन आल्या. "कोनी इचारलं त मी सांगन, तिची मुलाखत हाय. तू बाहेर येव नको हां बाय." आवाजात माया होती. जाताना त्यांनी बाहेरून कडी घातली.

चारच्या ठोक्याला तिने हेडफोन लावला. पलीकडे सांगलीची स्वप्नाली होती. मुलगी हुशार, प्रत्येक प्रश्नाला नेमकं उत्तर देत होती. इतक्यात अंगणात बेंजो सुरू झाला.

"मॅडम, तुमच्याकडे लग्न आहे का?"

"दिराची हळद आहे."

"मग तुम्ही आत कशा?"

"काम होतं ना."

मग स्वप्नाली हळूच म्हणाली, "आमच्याकडेही असं काही असलं की मला कामच असतं, मॅडम. मिस्टर गेल्यापासून. ही नोकरी मिळाली तर घरचे खूश होतील. मला कुठे जावंच लागणार नाही."

विनयाला आता उमगलं. जिला ती सुटका समजत होती, त्या नोकरीचीच घरच्यांनी दाराची कडी केली होती, आणि ती घालायला तिने स्वतः हातभार लावला होता.

"तुमचं नाव मी सुचवणार आहे," ती म्हणाली. "पण स्वतःला घरात डांबून घ्यायला ही नोकरी घेऊ नका, ताई. तेवढं माझं ऐका."

मग तिने उठून दार ठोठावलं.

"झाली मुलाखत?" कडी काढत भागूबाईंनी विचारलं.

"झाली. आई, आजची वेळ मी मुद्दाम मागून घेतली होती. मी मुलाखतीतल्या मुलीशी खोटं बोलले, तुम्ही पाहुण्यांशी. आता पुरे झालं."

ती मांडवात आली तसा बेंजो थांबला. पाटावर विघ्नेश बसला होता. त्याला संगणक शिकवला, नोकरीचे अर्ज भरून दिले, ते याच वहिनीने. तिने हळदीची वाटी उचलली.

"आत हो!" रामनाथ गरजले. "पोराचं वाटोलं करशील!"

"भाऊजी, लावू?" विनयाने विचारलं.

विघ्नेशने बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. शिकलासवरलेला मुलगा!

विनयाने वाटी जागेवर ठेवली, पण ती आत गेली नाही. पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसली. आजूबाजूच्या बायका एकेक करून उठल्या. भागूबाई उघड्या दाराशीच उभ्या होत्या. सुनेला आत ये म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

मांडवात दीडशे माणसं होती. त्यांत शाळेचे मास्तर होते, बँकेतले साहेब होते, भजनी मंडळी होती. सगळी तुमच्याआमच्यासारखी भली माणसं. विनयाच्या शेजारची खुर्ची हळद संपेपर्यंत रिकामीच राहिली.